अक्कांची रिक्षा आणि हिशेबाची वही



ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, किंवा ज्यांचं एक अंग लुळं पडलं आहे अशांसाठी मंडळाने मिळून एखादी खास गाडी घ्यावी, अशी सूचना हल्ली बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. देणगीदारही मिळतात. गाडीवर नाव घालता येतं, हार घालून नारळ फोडता येतो. भावना चांगलीच आहे. पण मी बी.कॉम. झालेली बाई, आणि घर सांभाळताना चाळीस वर्षं जमा-खर्च लिहिलेली. मला वाटतं, गाडी विकत घेण्याआधी आपल्या गावच्या स्टँडवर आधीच उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा नीट बघावं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरात अक्का आहेत. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, वय एकाहत्तर, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जवळजवळ पूर्ववत आलं, डाव्या हाताने सहीसुद्धा शिकल्या. आता काठी घेऊन चार पावलं टाकतात, त्यापुढे चाकाची खुर्ची.

लोक विचारतात, "घरात चारचाकी आहे, मग अडचण काय?" अडचण अशी की गाडी आहे, पण चालवणारा दुकानात असतो. अक्कांना बँकेत जायचं तर आमच्या ह्यांनी दुकान बंद करायचं, किंवा पुतण्याने सोलापुरातून यायचं. कोणी नाही म्हणत नाही हो. पण दरवेळी विचारावं लागतं. आणि ज्या बाईने पस्तीस वर्षं स्वतःच्या पगारावर घर चालवलं, तिला "मला जरा मंदिरात नेतोस का रे?" हे रोज विचारणं जड जातं. मग ती विचारायचं कमी करते. आधी मैत्रिणीकडे जाणं बंद होतं, मग बाजार, मग प्रवचन. शेवटी फक्त दवाखाना उरतो. घरातल्यांना वाटतं, यांना आता कुठे जावंसंच वाटत नाही. तसं नसतं. तिने ते गिळलेलं असतं.

आता आपल्या नळदुर्गात काय सोयी आहेत ते बघू. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. या सवलती चांगल्या आहेत, त्यांचा लाभ मीही घेते. पण सवलत तिकिटाला असते, पायरीला नसते. बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि घरापासून स्टँडपर्यंत कसं यायचं हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. हायवेवरून सोलापूरकडे काळ्या-पिवळ्या जीपा जातात, पण त्या भरल्याशिवाय हलत नाहीत. दाटीवाटीने माणसं बसतात तिथे पाय न वाकणाऱ्या बाईने बसायचं कुठे? रेल्वे म्हणाल तर आपल्या गावात स्टेशनच नाही, त्यासाठीही सोलापूर गाठायचं. उरली रिक्षा. ती दारात येते, तिची पायरी कमी उंच, आणि मधे कुठे बदलावं लागत नाही. अपंग माणसाचा प्रवास अडतो तो दारापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून समोरच्या दारापर्यंत. दार ते दार नेणारं वाहन म्हणजे रिक्षा आणि टॅक्सी, दुसरं कुठलं नाही.

मोठ्या शहरांनी आणि बाहेरच्या देशांनी हे कसं सोडवलं, तेही वाचण्यासारखं आहे. लंडनमध्ये २००० सालापासून प्रत्येक काळ्या टॅक्सीत चाकाची खुर्ची चढवता आलीच पाहिजे असा नियम आहे. त्याशिवाय तिथे १९८०च्या दशकापासून टॅक्सीकार्ड नावाची योजना चालते. ज्यांना बसने जाणं कठीण आहे त्यांना कार्ड मिळतं. भाड्यातला थोडा भाग ते देतात, बाकीचा पालिका देते. स्वीडनमध्ये तर यासाठी १९९७ सालचा वेगळा कायदा आहे, आणि हे काम बहुतेक ठिकाणी नेहमीच्या टॅक्सीवालेच करतात.

अमेरिकेतल्या बॉस्टनची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. तिथे अपंगांसाठी सरकारी खास गाड्या होत्याच, पण त्या आदल्या दिवशी सांगून ठरवाव्या लागत. २०१६ मध्ये तिथल्या वाहतूक मंडळाने एक प्रयोग सुरू केला. अशा प्रवाशांनी उबर किंवा लिफ्टची साधी टॅक्सी हवी तेव्हा बोलवायची, पहिले थोडे डॉलर स्वतः द्यायचे, पुढचे ठरावीक रकमेपर्यंत मंडळ देईल. खास गाडीपेक्षा टॅक्सीची एक फेरी कितीतरी स्वस्त पडली. पण फेऱ्या वाढल्या. त्यामुळे एकूण बचत वाटली होती तेवढी झाली नाही. हिशेब तपासणारा म्हणेल, योजना फसली. मी मात्र ते वाचून थांबले. या वाढलेल्या फेऱ्या आल्या कुठून? माणसं तीच, पाय तेच. आजवर गिळलेल्या फेऱ्या होत्या त्या.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. बंगळुरूमध्ये २०१३ साली किकस्टार्ट नावाची टॅक्सी सेवा निघाली. मुंबईत इझीमूव्ह नावाची सेवा आहे. त्यांच्या गाड्यांत खुर्चीसकट आत जाता येतं, माणसाला उचलून सीटवर ठेवावं लागत नाही. ज्यांना खुर्चीतून उठताच येत नाही, त्यांना अशीच गाडी लागते. तिथे साधी रिक्षा चालणार नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण अशी एखादी गाडी सोलापूरला किंवा धाराशिवला असली तर आसपासच्या गावांना पुरेल. प्रत्येक गावात तिची गरज नाही.

आता माझा हिशेब. कॉमर्स शिकलेल्यांना आठवेल, खर्च दोन प्रकारचे असतात, स्थिर आणि बदलता. समजा, मंडळाने दहा लाखांची गाडी घेतली. ती दहा वर्षं चालेल असं धरलं तर घसारा महिन्याला आठ हजारांच्या वर. ड्रायव्हरचा पगार पंधरा हजार धरा. विमा, टायर, दुरुस्ती मिळून तीन हजार. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी महिन्याला सव्वीस हजार गेले. डिझेल वेगळं. शिवाय गाडी एक आणि ड्रायव्हर एक. मंगळवारी सकाळी तिघींना तीन दिशांना जायचं असेल तर दोघींनी थांबायचं. ड्रायव्हर गावाला गेला तर तिघींनीही थांबायचं.

याउलट समजा, गावात पंचवीस गरजू माणसं आहेत आणि प्रत्येकजण महिन्यातून चार वेळा रिक्षाने कुठेतरी जाऊन येतो. शंभर फेऱ्या झाल्या. जाऊन-येऊन, थांबण्याचे धरून सरासरी दीडशे रुपये लावले तर पंधरा हजार. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे पाच हजार, प्रवाशांनी दिला तर मंडळाला दहा हजार लागतात. फेरी झाली तरच पैसे जातात. आकडे तुम्ही आपापल्या गावचे घाला, उत्तराची दिशा बदलणार नाही. आणि ते पैसे गावातल्याच चार-पाच रिक्षावाल्यांच्या घरी जातात, हा वेगळा फायदा.

आमच्या घरी आम्ही हे लहान प्रमाणावर करून पाहिलं. दोन वर्षं झाली. पहिल्या एका रिक्षावाल्याने खुर्ची बघून सरळ सांगितलं, "असली गिऱ्हाईकं नको, वेळ जातो." त्याचं म्हणणं कडू होतं, पण त्यात एक धंद्याची गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. म्हणून पुढच्या मुलाशी बोलताना चढण्या-उतरण्याचा आणि थांबण्याचा वेळ धरूनच भाडं ठरवलं. घासाघीस केली नाही. महिन्याच्या शेवटी एकरकमी पैसे. आणि फोन अक्का करणार, आम्ही नाही. त्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर पहिल्या बटणावर ठेवला. भाडं त्यांच्या पेन्शनमधून जातं, तोही त्यांचाच आग्रह.

हिशेबाला एक वही केली. आमच्या ह्यांनी फूटपट्टीने रकाने आखून दिले. तारीख, कुठून, कुठे, रुपये, कारण. अक्कांनी वही घेतली, चष्मा लावला आणि डाव्या हाताने शेवटच्या रकान्यावर उभी रेघ मारली. म्हणाल्या, "तू दुकानातून चहाला जातोस तेव्हा कारण लिहितोस का?" हे हसले, पण वही तशीच राहिली. चार रकान्यांची.

त्या वहीत काय काय आहे सांगू? मंदिर आहेच. नोव्हेंबरात बँक आहे, हयातीच्या दाखल्यासाठी. बँकेचा माणूस घरी बोलावता येतो, हे त्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा द्या असं बँकांना सांगितलं आहे. पण अक्का म्हणतात, "मी जिवंत आहे हे सांगायला मीच जाईन." जुन्या सहकारी बाईंकडे जाणं आहे, पावसाळ्यात बोरीला पाणी आलं की पुलापर्यंतची फेरी आहे, आणि बाजारात स्वतः दर विचारून घेतलेली मेथी आहे. सुरुवातीच्या महिन्यात तीन फेऱ्या होत्या. आता आठ-नऊ होतात. बॉस्टनमध्ये झालं तेच आमच्या नळदुर्गात झालं म्हणा ना.

आता दुसरी बाजू. आमच्या मागच्या गल्लीत एक आई आहे. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, जन्मापासून मेंदूच्या आजाराने पाय धरत नाहीत. व्यायामाला न्यायचं तर ती त्याला कडेवर घेऊन निघते. पाच वर्षांचा होता तेव्हा जमत होतं. आता तो तिच्या खांद्याला लागतो. तिची कंबर गेली आहे, आणि गेले काही महिने व्यायामाला खाडे पडत आहेत. मुलाच्या उपचारांत पैशांची तूट नाही, डॉक्टर आहेत, जागा आहे. तूट आहे ती घर आणि व्यायामाची जागा यांच्यामधल्या दीड किलोमीटरची. अपंग माणसाचा प्रवास हा नुसता त्याचा प्रश्न नसतो. घराघरात तो कुठल्यातरी बाईच्या कमरेवर असतो, आणि ती बाई आपल्यापैकीच कोणीतरी असते.

रिक्षा किंवा टॅक्सी ठरवणार असाल तर अनुभवाच्या काही गोष्टी सांगते.

गाडीची सीट साधारण आपल्या बसण्याच्या खुर्चीएवढ्या उंचीची असावी. फार बुटकी कार असली तर उतरताना उठवत नाही, जीप असली तर चढवत नाही. सीएनजीवरच्या टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर असतो, घडीची खुर्ची मावत नाही. म्हणून आधी विचारा, वर कॅरियर आहे का. चाकाची खुर्ची गाडीला तिरकी लावायची आणि आधी दोन्ही ब्रेक लावायचे. बसवताना आधी पाठमोरं करून कंबर सीटवर टेकवायची, मग पाय आत फिरवायचे. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. चढताना उतरताना चांगली बाजू कुठली हे ड्रायव्हरला त्या माणसाने स्वतः सांगावं. दिसत नसलेल्या प्रवाशाला गाडी कुठे थांबली, फुटपाथ कुठल्या हाताला आहे हे तोंडाने सांगायचं. ऐकू न येणाऱ्याला फोन करत बसायचं नाही, मेसेज टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हरने बोलायचं ते त्या माणसाशी, शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाशी नाही. "यांना कुठं सोडायचं?" असं माझ्याकडे बघून विचारलं की अक्का उत्तर देतात, "यांना तोंड आहे." आता आमचा रिक्षावाला शिकला आहे. एक अर्धा तास दाखवलं की कोणीही शिकतं.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येणारच. प्रत्येक घरी पेन्शन नसते. तर ऐका. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग नोंदले गेले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात परवडणाऱ्या दरात हिंडण्या-फिरण्याची सोय करणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलेलं आहे. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग आहे. आणि नगरपालिका, ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्या निधीतून वस्तू वाटल्या जातात, मदत दिली जाते. त्यातच रिक्षाची कुपनं का देऊ नयेत? प्रत्येक कार्डधारकाला महिन्याला चार कुपनं, रिक्षावाल्याने ती जमा करून पैसे घ्यायचे. कुपनाच्या मागे पावतीपुस्तक असलं की हिशेबही चोख राहतो.

हे जमणार नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना निवडणूक आठवून द्या. ७ मे २०२४ला आपल्या धाराशिव मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. त्या निवडणुकीत दिव्यांग मतदारांना सक्षम ॲपवर नाव नोंदवून घरून केंद्रापर्यंत जाण्या-येण्यासाठी गाडी मागता येत होती. यादी असते, गाडी येते, माणूस जाऊन परत येतो. म्हणजे जमतं. पाच वर्षांतून एकदा मताला जमतं, तर महिन्यातून चारदा भाजीला, देवदर्शनाला, मैत्रिणीला भेटायलाही जमावं.

आपल्या समाजात काही जणी म्हणतात, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगूनच संपायचं. ज्याचं त्याचं कर्म, हे मी नाकारत नाही. पण आपण शिखरजीला जातो तेव्हा काय करतो? सत्तावीस किलोमीटरची ती वंदना ज्यांच्याने होत नाही त्यांच्यासाठी डोली करतो. वजन करून दर ठरतो, पैसे मोजून देतो, आणि डोलीत बसलेल्या आजींना कोणी परावलंबी म्हणत नाही. त्या वरून उतरल्या की आपण त्यांच्याच पाया पडतो. तिथे कोणी विचारत नाही की तुम्हाला वर जायची काय गरज. श्रवणबेळगोळलाही डोली आहेच. आपल्याच गावात बघा, अणदूर आणि नळदुर्ग यांच्यामध्ये खंडोबाही खांद्यावरच्या पालखीतून येतो-जातो. उचलून नेलं जाण्यात कमीपणा आहे, असं आपल्या मातीत कधी नव्हतंच. आणि वैयावृत्त्य हे तर आपल्याकडे तपात मोजलं आहे. डोंगरावर जी डोली आपण सहज ठरवतो, तीच सपाटीवर तीन चाकांची असते, एवढंच.

आमच्या मंडळासमोर मी असं मांडणार आहे. सगळ्यात आधी यादी करायची. आपल्या समाजाचीच नाही, आपापल्या गल्लीतल्या प्रत्येक घराची. कोण, काय अडचण, स्वतः उठता-बसता येतं का. मग चार रिक्षावाल्यांना बोलावून चहा पाजायचा, दर ठरवायचा, चढवणं-उतरवणं शिकवायचं. सहा महिने मंडळाच्या पैशांतून कुपनं द्यायची. सहा महिन्यांची वही घेऊन मग नगरपालिकेत जायचं आणि ५ टक्क्यांच्या निधीतून पुढे चालवा म्हणायचं. हातात आकडे असले की कोणी सहज परत पाठवू शकत नाही.

पहिलं कुपन मागच्या गल्लीतल्या त्या आईला द्यायचं, हे मी ठरवून टाकलं आहे. व्यायामाचे खाडे आधी बंद व्हायला हवेत.

तुमच्या गावात अशी कोणी सोय असेल, एखादा समजूतदार रिक्षावाला किंवा काळी-पिवळीवाला असेल, तर दर काय ठरवला आणि पैसे कसे देता ते मला नक्की कळवा. आणि वही केलीत तर चारच रकाने आखा.